तक्रार पत्र : ‘अस्सल शिंपल्याचे’ म्हणून विकलेले मोती

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : कल्चर्ड (शिंपल्यात मुद्दाम वाढवलेल्या) मोत्यांऐवजी नकली मोत्यांचा हार दिल्याबद्दल

महोदय,

लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला देण्यासाठी मी आपल्याकडून मोत्यांचा एकपदरी हार घेतला. तो अकोया (समुद्रातल्या अकोया कालवात वाढवलेल्या) मोत्यांचा नाही, मुळात मोत्यांचाच नाही. माझ्या पहिल्या तक्रारीला आपल्या प्रतिनिधीने ‘ग्राहकाचा गैरसमज झालेला दिसतो’ असे उत्तर दिले, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

हार निवडायला मला तीन आठवडे लागले. गोड्या पाण्यातले मोती बहुतेक वेळा आत मणी न घालता वाढवतात, त्यामुळे ते जवळजवळ पूर्णपणे नेकरचे (शिंपल्यातला जीव चढवतो त्या चमकदार थरांचे) असतात, पण अगदी गोल क्वचितच निघतात. दक्षिण समुद्रातले मोठे; तिच्या नाजूक गळ्यात ते जड दिसले असते आणि माझ्या खिशालाही जडच गेले असते. म्हणून अकोया, ७ ते ७.५ मिलिमीटर. लांबी ४५ सेंटिमीटर, कारण ती घरात नसताना तिची आवडती साखळी मी दोऱ्याने मोजून घेतली होती.

आपल्या माहितीपत्रकात ‘सागरी शिंपल्याचे अस्सल मोती’ असे छापले आहे. तरीही मी लेखी विचारले, ‘हे अकोया कल्चर्ड आहेत ना?’ उत्तर आले, ‘हो सर, शंभर टक्के शिंपल्याचेच.’ मी त्यातला ‘हो’ तेवढा वाचला. चूक माझी असेल तर एवढीच.

शंका आधी आली ती बायकोला. ‘सगळे इतके सारखे कसे?’ असे तिने विचारले. जुळवून ओवलेल्या खऱ्या मोत्यांतही आकारात, झाकेत बारीक फरक सापडतोच; इथे सगळे एका साच्यातून काढल्यासारखे. पाणीही कसे, तर वरवरचे. दातावर घासले तर काचेसारखे गुळगुळीत लागले. दाताच्या चाचणीवर मी विसंबणार नव्हतो, पण भिंगातून भोकाच्या कडेला लेपाचा पापुद्रा सुटलेला स्पष्ट दिसला. मग रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत तपासून घेतले. अहवाल सोबत जोडला आहे : शिंपल्यापासून बनवलेला मणी, त्यावर कृत्रिम लेप, नेकर नाही.

त्यावर आपले म्हणणे असे की अकोया मोत्याच्या आतही शिंपल्याचाच मणी असतो. असतो, मान्य. पण त्या मण्याभोवती जिवंत कालव महिनोन्‌महिने नेकरचे थर चढवते, म्हणून त्याला मोती म्हणतात. आपण मणी लेपात बुडवून वाळवला. ‘शिंपल्याचे’ हा शब्द दोन्हीकडे खरा ठरतो, आणि आपण तो नेमका त्याचसाठी निवडलात असे मला वाटते. शेल पर्ल, म्हणजे असे लेप दिलेले शिंपल्याचे मणी, विकण्यात गैर काही नाही. तसे स्पष्ट लिहून, त्या किमतीला विकले असते तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

बाकीचेही सांगून टाकतो. प्रत्येक मोत्यानंतर गाठ असेल असे कबूल केले होते, म्हणजे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी सगळा सर घरभर विखुरत नाही. गाठी फक्त फाशाजवळ (हार अडकवायच्या कडीजवळ) दोन. लांबी फाशासकट ४१ सेंटिमीटर.

‘हार वापरला आहे’ म्हणून परत घेता येणार नाही, हे कारण तर मला अजिबात मान्य नाही. तो एका संध्याकाळी तिच्या गळ्यात होता. तोही अत्तर उडवून झाल्यावर सर्वांत शेवटी घातला आणि काढल्यावर मऊ कापडाने पुसून ठेवला. मोत्यांची काळजी अशीच घ्यायची असते. लेपाची आम्ही इतकी बडदास्त ठेवत होतो हे तेव्हा ठाऊक नव्हते.

माझ्या मागण्या : हाराची पूर्ण रक्कम आणि प्रयोगशाळेचे शुल्क १५ दिवसांत परत मिळावे. माहितीपत्रकातील ‘अस्सल मोती’ हे शब्द काढून तिथे ‘नकली मोती, शिंपल्याचा मणी’ असे लिहावे. बदली हार नको. पुढचा ती स्वतः बघून घेणार आहे. मुदतीत उत्तर न आल्यास ही सर्व कागदपत्रे ग्राहक तक्रार निवारण यंत्रणेकडे देईन.

हार मूळ डबीत ठेवला आहे. न्यायला येणाऱ्याने लेखी पोच आणावी, त्याशिवाय तो हातात मिळणार नाही.

आपला,
एक ग्राहक

सोबत : खरेदीची पावती, लेखी प्रश्नोत्तरांची प्रत, प्रयोगशाळेचा अहवाल, भोकाजवळचे छायाचित्र