विहिरीकडचा तुकडा विकू नका

सातारा,
घटस्थापनेच्या आदल्या दिवशी

ती. अण्णा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर अण्णा म्हणाले, विहिरीकडच्या दीड एकराला गिऱ्हाईक बघून गेलं, आणि मी नुसतं ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. एसटी आली होती हे खरं, पण आली नसती तरी मला बोलता आलं नसतं. म्हणून लिहिते. दादाला मोठ्यानं वाचायला सांगा, वहिनीच्याही कानावर पडू दे. तुकडा तिच्या पोरांचाही आहे.

आधी एक कबुली देते. बारा वर्षं मी तुम्हाला ‘पगार झाला’ असं सांगत आले. तो पगार नाही, मानधन आहे. नावाआधी ‘प्रा.’ लागतं, पोरं ‘मॅडम’ म्हणतात, पण कागदावर मी तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर. आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तास, तासाला ९०० रुपये. २०२३ च्या आधी ६२५ होते. तास झाला तर पैसे. गौरी-गणपती, दिवाळी, परीक्षा, मतदानासाठी वर्ग घेतले ते दिवस, सगळे कोरडे. गेल्या वर्षी गणपतीच्या महिन्यात माझे २२ तास भरले, म्हणजे १९,८००. तेही हातात पडले संक्रांतीनंतर, कारण वरून मान्यता यायला तेवढा वेळ गेला. उन्हाळ्यात तर मी कुणाचीच नसते. मग पुन्हा अर्ज, पुन्हा कागदांची फाइल, पुन्हा त्याच खुर्चीसाठी मुलाखत. यंदा बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी विचारलं, ‘आधी कुठं शिकवलंय का?’ शेजारी बसलेले आमचे प्राचार्य खिडकीतून बाहेर बघायला लागले.

शेजारच्या टेबलावरचे सर कायम आहेत. त्यांच्या पदाचा मूळ पगारच ५७,७०० पासून सुरू होतो, महागाई भत्ता वेगळा. त्यांच्यावर माझा राग नाही, माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी निम्मी तेच संपवतात. पण एक कायम माणूस निवृत्त झाला की त्याचं काम दोघा सीएचबीवाल्यांत बसतं, आणि दोघांचे मिळूनही त्याच्यापेक्षा कमी पैसे लागतात. जागा भरायची घाई कुणाला असेल? विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ मध्ये पत्रक काढलं होतं, अतिथी अध्यापकाला तासाला १,५०० आणि महिन्याला ५०,००० पर्यंत द्या म्हणून. आमच्यातल्या एकीनं ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. खडू काढताना दिसतं.

अण्णा, तुम्ही मला बागेतून उठवून तासगावला शिकायला घातलंत तेव्हा म्हणाला होता, ‘पाऊस पडू दे न्हाईतर गारा, एक तारखेला पगार.’ मी वर्गात माण-खटावचा पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवते. महाबळेश्वरला ढग रिकामे होतात आणि पुढं नुसता वारा जातो, हे फळ्यावर काढताना तुमचं ते वाक्य हमखास आठवतं.

पीएचडीचंही सांगून टाकते. जुलै २०२१ पासून सहायक प्राध्यापकाला विद्यापीठात ती सक्तीची होणार होती, म्हणून मी प्राध्यापकीची सेट परीक्षा पास झालेली असूनही जिवाचं रान केलं. आई, तेव्हाच तू मला ‘डोळ्याखाली काळं आलंय’ म्हणायचीस. मग मुदत २०२३ पर्यंत वाढली, आणि २०२३ च्या जूनअखेर आयोगानं सांगितलं, नेट-सेट पुरे, पीएचडी ऐच्छिक. माझा प्रबंध तोवर बांधून झाला होता. असो. लग्नाचं इथं काढत नाही. ‘परमनंट आहे का?’ याच्या पुढं ती बोलणी कधी गेलीच नाहीत.

२०२१ मध्ये सरकारनं २,०८८ सहायक प्राध्यापकांच्या जागा भरायला मान्यता दिली, तेव्हा मीही अर्ज केले. भूगोलाची जागा, तीही आपल्या प्रवर्गाची, हे गणित सात ठिकाणी जुळलं. सहा ठिकाणी हात हलवत परत आले. सातव्या संस्थेचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या एका गृहस्थांनी जिन्यात मला चार बोटं दाखवली. मला आधी वाटलं, चार वाजता या म्हणतायत. ते नेमणुकीसाठी पैसे मागत होते. हेच गृहस्थ तुम्हाला एका लग्नात भेटले आणि तुम्ही गिऱ्हाईक शोधायला लागलात.

अण्णा, द्राक्षाचा तो व्यापारी पैसे बुडवून पळाला, त्याची चिठ्ठी तुम्ही अजून देव्हाऱ्यामागं जपून ठेवलीय. त्यानं निदान माल नेल्याची चिठ्ठी तरी दिली होती. हे काहीच देणार नाहीत. उद्या मान्यता अडकली तर कुणाच्या दारात जाणार? आणि नाही अडकली, तरी रोज फळ्यासमोर उभं राहताना मला विहीर दिसेल.

आणि आई, पाटल्या मोडायचं म्हणालीस म्हणे. अण्णा रयतच्या वसतिगृहात राहून शिकले. कर्मवीरांच्या लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी अंगावरचं सोनं मोडलं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. ही गोष्ट तूच मला सांगितलीस. तुझ्या पाटल्या कुणाच्या पोटात जाणार आहेत, ते बघ.

मी उपाशी नाही. संध्याकाळी पोलीस भरतीच्या क्लासात भूगोल शिकवते, तिथं पैसे महिन्याच्या महिन्याला मिळतात. बहुतेक पोरी माण-दहिवडीकडच्या, पहाटे पळण्याचा सराव करून आलेल्या असतात, तरी पेंगत नाहीत. यंदा आणखी एक भरती निघाली तर अर्ज करीन. नाही निघाली तर क्लास वाढवीन. कॉलेज सोडायचं की नाही ते माझं मला ठरवू द्या.

दिवाळीत तास नाहीत, तेव्हा लवकरच येते. छाटणीनंतरची डिपिंगची, घड औषधात बुडवायची कामं असतील, बायका मिळत नाहीत म्हणत होतात. कंदी पेढे आणते, अण्णांना एकच.

त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवा. आणि विसार घेतला असेल तर किती घेतलात तेवढं मला फोन करून सांगा.

तुमची,
लेक