ओस्नाब्र्युकच्या आब्लास

प्रिय आब्ला,

परवा प्रबंध जमा केला. ऋणनिर्देशात तुझं नाव घालू दिलं नाहीस, म्हणून हे पत्र. मराठीत आहे, तुला वाचता येणार नाही. रविवारी येईन तेव्हा माझ्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगेन.

बाकीच्यांसाठी सांगते, तुर्कीत थोरल्या बहिणीला 'आब्ला' म्हणतात. मराठी कानाला 'अबला' ऐकू येतं. हा शब्द जिला अजिबात लागू पडत नाही अशी बाई बघायची असेल तर तुझ्याकडे यावं.

स्थलांतर या विषयात एमए करायला मी जर्मनीत, ओस्नाब्र्युकच्या विद्यापीठात आले. १९६१ चा जर्मनी-तुर्कस्तान कामगार करार, १९७३ ची परदेशी कामगारांची भरतीबंदी, बाहेरून आलेल्यांना भाषा शिकवणारे २००५ पासूनचे सरकारी इंटिग्रेशन कोर्स, सगळं तोंडपाठ होतं. फक्त बोलायला कुणी तयार नव्हतं. दोन महिने मी प्रश्नावली घेऊन दारं वाजवत होते. तू चार फोन फिरवलेस आणि तुझ्या स्वयंपाकघरात सात जणी येऊन बसल्या.

जर्मन कुठे शिकलात, या प्रश्नावर सगळ्या हसल्या. तू १९७१ मध्ये एकोणिसाव्या वर्षी आलीस. भाषेचे ६०० तास शिकवावेत हे सरकारला सुचलं तेव्हा त्रेपन्न वर्षांची होतीस. जर्मन शिकलीस ती कारखान्यातल्या पट्ट्यावर. पहिला शब्द 'श्नेलर', म्हणजे अजून भरभर. दुसरा 'फायराबेंड', सुटी झाली!

मग आला चौदावा प्रश्न : 'या समाजात तुम्ही किती मिसळलात? १ ते ५ पैकी गुण द्या.' तू माझ्या हातातली पेन्सिल घेऊन त्यावर काट मारलीस. म्हणालीस, "हे वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याला विचार. तीस वर्षं शेजारी आहे, माझं नाव अजून धड घेता येत नाही त्याला."

खरं सांगू? मला रागच आला होता. मार्गदर्शकांनी मंजूर केलेली प्रश्नावली होती ती! पण घरी येऊन 'इंटिग्रेशन'ला मराठीत काय म्हणावं म्हणून बसले, तर 'सामावणं' लिहिलं की सगळं काम येणाऱ्याचं, आणि 'सामावून घेणं' लिहिलं की लगेच विचारावं लागतं, घेणार कोण? माझे आजोबा मालवणकडून लालबागच्या गिरणीत आले, एकेका खोलीत पंधरा-वीस जण पाळीपाळीने झोपायचे. मुंबईत किती मिसळलात म्हणून त्यांच्याकडे कुणी गुण मागितले नव्हते.

प्रबंधाचं तिसरं प्रकरण त्या रात्री बदललं. मी पाच जर्मन शेजाऱ्यांनाही भेटले. वरच्या आजोबांनी कॉफी दिली, आणि निघताना तुझं नाव माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. तुला बोलले नव्हते हे.

तुझ्या पेन्सिलीची काट असलेलं पान मी परिशिष्टात लावलंय. मार्गदर्शक म्हणाले, राहू दे.

आता तुझं काम. जून २०२४ च्या नव्या कायद्याने कामगार करारावर आलेल्या तुमच्या पिढीला नागरिकत्वाची लेखी परीक्षा माफ आहे, बोलता येणारी जर्मन पुरते, आणि तुर्की पासपोर्टही सोडावा लागत नाही. अर्ज मी भरते. रविवारी तो कपाटावरचा बिस्किटांचा डबा खाली काढून ठेव, त्यात पहिल्या पगाराची पावती आहे असं तूच म्हणाली होतीस.

तुझी,
पुण्याची धाकटी