गोधडी मशीनवर

नौपाडा, ठाणे

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला गोधडीचा फोटो मोठा करून पाहिला. मशीनवर कापड हाताने फिरवत शिवलेली वेल वरून छान वळली आहे, पण खाली दोऱ्याची जाळी झाली आणि तू बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, शिव्या घालतेस. अगं, जाळी खाली दिसली तरी दुखणं बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचं असतं. सुईजवळचं फूट उचलायची दांडी खाली केली होतीस ना? असं हाताने फिरवून शिवताना लावतात ते डार्निंग फूट कापडावर दाबून बसत नाही, त्यामुळे दांडी वर राहिलेली कळत नाही. ती वर असली की टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात आणि दोऱ्याला ताणच मिळत नाही. दोरा ओवताना मात्र ती वरच हवी, तरच दोरा चकत्यांमध्ये बसतो.

एवढं करूनही वळणांवर खाली बारीक फासे दिसले, तर हात सुईच्या पुढे पळतायत असं समज. सुईखालचे, कापड पुढे ढकलणारे दाते खाली पाडले की मशीन कापड सरकवत नाही. टाक्याची लांबी ठरवायचं ते गोल बटण मग नुसतं शोभेचं. टाका केवढा पडणार ते सुईचा वेग आणि तुझे हात ठरवतात. नवशिकी माणसं भीतीपोटी मशीन हळू चालवतात आणि वळण आलं की हात झटकन फिरवतात. तू उलट कर. पॅडल एकसारखं, जरा जोरातच दाब आणि हात सावकाश ने.

सुई १४ नंबरची लाव. ११ची गोधडीच्या तीन थरांत वाकते. सुरुवातीला चाक हाताने फिरवून बॉबिनचा दोरा वर काढ, दोन्ही टोकं धरून जागच्या जागी तीन-चार टाके घे. पिना तळहाताएवढ्या अंतराने लाव आणि शिवण मधूनच कडेकडे ने, नाहीतर अस्तराला चुण्या पडतात.

गोधडी टेबलावरून लोंबकळत असेल तर तिचं वजनच कापड ओढतं. डावीकडे इस्त्रीचं टेबल सरकव. आणि एकदम डबल बेडचा घाट घालू नकोस गं! हातभर तुकड्यावर गिरव. आई म्हणते, तिची कुठलीही सुती साडी काप, फक्त कपाटातल्या वरच्या कप्प्याला हात लावायचा नाही.

गणपतीला येशील तेव्हा नेरूळहून लोकलमध्ये अख्खं मशीन घेऊन चढू नकोस. बॉबिन जिच्यात बसते ती बॉबिन केस तेवढी पर्समध्ये टाक, खालच्या दोऱ्याचा ताण ठरवणारा तिचा स्क्रू मी बघतो. तोवर त्याला हात लावू नकोस.

तुझे,
बाबा