अंगठ्याला मिरची लावू नका

महोदय,

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती उपायांच्या चौकटीत एक सल्ला वाचला. मूल अंगठा चोखत असेल तर हिरवी मिरची वाटून बोटाला लावा, आठ दिवसांत सवय सुटते म्हणे. मी वाळवा तालुक्यातल्या एका गावातून अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झाले आहे. हा उपाय झालेली पोरं मी चटईवर बसवून सांभाळली आहेत, म्हणून लिहिते.

तीन वर्षांच्या पोराला झोप आली की ते डोळे चोळतं. शेंबूड पुसतं, चड्डीत हात घालतं. मिरची तिथंतिथं पोचते. डोळे सुजवून आलेल्या एका मुलीची आजी मला वर म्हणाली, "बाई, एवढं करून बोट काय सुटलं नाही बघा." सुटेल कसं? भ्यालेलं, रडलेलं पोर गप्प व्हायला बोटच तोंडात घालणार, आणि रडवलं तर आपणच. बिब्बा लावून फोड आणलेलं बोटही पाहिलं आहे. कारल्याचा रस, कडुनिंब, कोरफड त्या मानाने बरी. पण काही बहाद्दर तेवढं कडू चाटून घेतात आणि पुन्हा आरामात चोखत बसतात.

मुळात एवढी घाई कशाला? सोनोग्राफीत आईच्या पोटातच अंगठा तोंडात घातलेली बाळं दिसतात. चोखायची ती ओढ नसती तर जन्मल्यावर दूध ओढलं असतं का? बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आपली आपण सवय सोडतात. साधारण सहाव्या वर्षी पक्के दात यायला लागतात, तोवरही बोट सुटलं नाही तर मात्र वरचे दात पुढे येतात, तोंड मिटलं तरी समोर फट राहते, टाळू अरुंद होतो. त्यातही नुसतं बोट तोंडात ठेवून बसणारं मूल वेगळं आणि झोपेतसुद्धा चुटूचुटू आवाज करत जोरात ओढणारं वेगळं. दुसऱ्याकडे लक्ष द्यावं. आरबीएसके म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, त्याचं डॉक्टर पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, ते दातही बघतं, पैसे लागत नाहीत. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, एवढं तरी करा.

आमच्याकडे साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या येतात. आई अंधारातच कोयता घेऊन फडात गेलेली, पोर थोरल्या बहिणीच्या कडेवर. अशी पोरं अंगणवाडीत आली की पहिले काही दिवस अंगठा तोंडातून निघत नसे. लाळेत भिजून पांढरा पडलेला, नखाच्या कडेला नखुरडं झालेलं. मी काही बोलत नसे. हातात मातीचा गोळा द्यायचा, खिचडी आपल्या हाताने खायला लावायची. हात गुंतला की तोंड रिकामं. चारचौघांत "अंगठाचोख्या" म्हणून चिडवणाऱ्याला मात्र मी दटावत असे, मग तो पोरगा असो की पोराचा चुलता. पाच-सहा वर्षांच्या मुलाला स्वतःलाच सवय सोडायची असेल तर रात्री बोटाला साधी चिकटपट्टी लावावी, ती आठवणीसाठी, त्याला विचारून.

बोटाबरोबर पोटात जाणाऱ्या मातीचं काय, हे कुणी विचारत नाही. नखं कापा, हात साबणाने धुवा. सहसा १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास जंतनाशक गोळी मिळते, ती चुकवू नका.

पुढच्या रविवारी त्याच चौकटीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत हा सल्ला मागे घ्यावा आणि असे उपाय छापण्याआधी एखाद्या बालरोगतज्ज्ञाला दाखवावेत, ही विनंती. तोवर कुणी मिरची लावलीच असेल तर मुलाचे हात साबणाने पुन्हापुन्हा धुवा. डोळ्यात गेली असेल तर स्वच्छ पाण्याची धार बराच वेळ सोडा. तूप, दूध, तेल काही घालू नका. लाली उतरली नाही तर सरळ दवाखाना गाठा.

– एक निवृत्त अंगणवाडी सेविका, ता. वाळवा, जि. सांगली