रेडिओतली खरखर घरातूनच येते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत निलंग्याच्या एका आजोबांनी लिहिले होते, की परभणी आकाशवाणी (मध्यम लहरी, १३०५ किलोहर्ट्झ) हल्ली दिवेलागणीनंतर खरखरीत बुडून जाते. आपला रेडिओच म्हातारा झाला असावा, असे त्यांना वाटते. आजोबा, रेडिओ भंगारात देऊ नका. ‘दिवेलागणीनंतर’ हा तुमचाच शब्द आहे आणि दुखणेही तिथेच आहे.

मी औशात मोटार रिवाइंडिंगचे दुकान चालवतो. केंद्राच्या दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन हौशी रेडिओचा, म्हणजे घरच्या सेटवरून दूरच्या हौशी माणसांशी बोलण्याचा, हॅमचा परवाना घेतला त्याला अकरा वर्षे झाली. सकाळी दुकान उघडण्याआधी सात मेगाहर्ट्झवर बसतो. केरळ, कर्नाटक, गुजरातची माणसे भेटतात. तीन हिवाळ्यांपूर्वी त्या सगळ्यांचे आवाज खरखरीत एकाएकी बुजले. सिग्नलचा काटा कोणी बोलत नसतानाही आठवर बसून राहायचा.

मी सेट बॅटरीवर घेतला आणि घराचा मेन स्विच पाडला. अर्धी खरखर तिथेच गेली. म्हणजे अर्धा दोष माझ्याच घरात! मग एकेक खटका वर करत गेलो. वायफायच्या डबीचा अडॅप्टर सापडला, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सापडला. जुन्या मॉनिटरच्या केबलवर फेराइटचा, म्हणजे एका चुंबकी मालाचा, काळा गठ्ठा असतो, तसलीच एक मोठी कडी घेऊन अडॅप्टरची वायर तिच्यातून नऊ वेळा ओवली. दोन्ही तारा एकत्रच ओवायच्या. वेढे दुप्पट केले की खरखरीला होणारा अडथळा जवळजवळ चौपट होतो, हे आम्हा कॉइल भरणाऱ्यांना वेगळे सांगावे लागत नाही. पत्र्यावरून गेलेली वीस मीटरची एरियलची तार सोडवून मागच्या लिंबावर नेली. काटा पाचावर आला.

उरलेली खरखर शोधायला हातात साधा ट्रान्झिस्टर घेतला, मध्यम लहरीवर स्टेशन नसलेली जागा धरली आणि गल्लीत फिरलो. रेडिओ सावकाश गोल फिरवला की एका जागी आवाज पडतो. तेव्हा आतल्या फेराइटच्या दांडीचे टोक त्रासाकडे असते. टोक भिंतीपलीकडच्या काकूंच्या देवघराकडे होते. नऊ वॉटचा एलईडी बल्ब. काकू म्हणाल्या, “देवाजवळचा दिवा कसा काय कुणाला त्रास देईल रे?” मी त्यांच्यासमोर बल्ब बंद-चालू करून रेडिओ ऐकवला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी बदलू दिला. त्यांचे उपकार मी विसरलो नाही.

तो बल्ब मी दुकानात उघडला. आतली सर्किट वीज सेकंदाला हजारो वेळा तोडते-जोडते. त्या तोडजोडीचे तरंग मेगाहर्ट्झपर्यंत चढतात आणि घराचे वायरिंग त्यांची एरियल होते. ते अडवायला एक छोटी कॉइल आणि कपॅसिटर पुरतो. प्लेटवर कॉइलची जागा छापलेली होती, पण तिथे साधी तार टाकून भोक बुजवले होते. काही रुपये वाचवायला! प्रकाशाच्या उपकरणांनी किती रेडिओ गोंगाट करावा याची ‘सिस्पर १५’ ही आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे, ती या मालाच्या गावीही नाही. म्हणून माझी वाचकांना कळकळीची विनंती: बल्ब घ्यायला जाताना खिशात ट्रान्झिस्टर न्या, दुकानदाराला बल्ब लावायला सांगा आणि रेडिओ जवळ धरा. हातभर अंतरावर खरखर विरली तर घ्या, नाही तर परत ठेवा.

शेतातलेही सांगतो. दर सेकंदाला ‘टक्’ असा ठोका येत असेल तर ते रानडुकरे अडवायला कुंपणाच्या तारेला लावलेले विजेचे झटका मशीन आहे. मशीन दोषी नसते. तारेला गवत टेकलेले असते किंवा तार फुटक्या इन्सुलेटरवर ठिणगी मारते. आमच्या शिवारात गवत कापले आणि ठोका थांबला. शेतकऱ्याचाही फायदाच, त्याचा झटका वाया जात होता.

एवढा जीव का टाकतो, तेही लिहितो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३:५६ ला, गणपती विसर्जनाच्या रात्री, भूकंपात किल्लारी पडले तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. फोन मुके झाले होते. मदतछावणीत दोन बांबूंना तार बांधून एक माणूस कानाला हेडफोन लावून बसला होता, डोळे मिटून, अक्षर अक्षर लिहून घेत. कोण जिवंत आहे, कुठे औषध हवे. हॅम हा शब्द मला पुष्कळ नंतर कळला. त्या वेळी आमच्या भागात एलईडी बल्ब नव्हते, म्हणून त्याला तो क्षीण आवाज ऐकू तरी आला. आज त्या जागी तसा कोणी बसला तर त्याला काय ऐकू येईल, हा विचार मला झोपू देत नाही.

आता एकच खरखर उरली आहे, आणि ती माझ्या हातातली नाही. आमच्या गल्लीच्या डीपीजवळच्या खांबावर सैल जंपर, म्हणजे दोन तारांना जोडणारा तारेचा तुकडा, आहे. सेकंदाला शंभर ठोक्यांची ती घरघर उन्हाळ्यात चढते, पाऊस पडला की थांबते आणि तारा वाळल्या की परत येते. खांबाला मी हात लावत नाही, कोणी लावूही नये. दोनदा लेखी अर्ज दिला आहे. लाइनमनचे अर्ध्या तासाचे काम आहे. ते ज्या दिवशी येतील त्या दिवशी दुकान बंद ठेवून ट्रान्झिस्टर घेऊन खांब दाखवायला मी उभा राहीन.

आपला,
एक हॅम परवानाधारक, औसा (जि. लातूर)