दाराची पट्टी

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू वैतागून म्हणालीस, "बाबा, विमानाचं त्याच एडीचं इन्स्पेक्शन पाचव्यांदा केलं. काही सापडत नाही, तरी पॅनल उघडा, बघा, सही करा." मी नुसतं हं म्हटलं. पण ते मनातून जाईना, म्हणून लिहितोय.

विमान बनवणाऱ्या कंपनीचं सर्व्हिस बुलेटिन हा सल्ला असतो. एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजेच एडी, हा विमानाच्या सुरक्षेसाठी निघालेला सरकारी आदेश, म्हणजे कायदा. ठरलेल्या तासांत, उड्डाणांत किंवा तारखेच्या आत काम झालं नाही, तर विमान हलायचं नाही. हे तू परीक्षेला पाठ केलंच आहेस. ही सक्ती कशासाठी, ते मला डीसी-१० या प्रवासी विमानाच्या दाराने शिकवलं.

१२ जून १९७२. डेट्रॉइटहून निघालेल्या डीसी-१०चं मागचं मालाचं दार कॅनडातल्या विंडसरवर हवेतच उडालं. खालच्या कप्प्यातला दाब एका क्षणात गेला आणि वरच्या केबिनचा फ्लोअर खचला. कंट्रोल केबल त्या फ्लोअरमधूनच जात होत्या. काही तुटल्या, काही अडकल्या. वैमानिकाने इंजिनांचा जोर कमीजास्त करत विमान उतरवलं. सगळे ६७ जण वाचले. एफएए या अमेरिकेच्या सरकारी विमान-नियामक संस्थेत एडीची तयारी सुरू होती. पण एफएएचे प्रमुख आणि डीसी-१० बनवणाऱ्या डग्लसचे अध्यक्ष फोनवर बोलले, आणि सक्ती नको, कंपनी बुलेटिन काढून दारं दुरुस्त करील, असं ठरलं. एका फोनवर!

३ मार्च १९७४ रोजी पॅरिसच्या ओर्लीवरून लंडनला निघालेल्या टर्किश एअरलाइन्सच्या डीसी-१०चं तेच दार उडालं. तसाच फ्लोअर खचला. या वेळी विमान सावरलं नाही. ३४६ माणसं गेली.

चौकशीत त्या विमानाचे कागद निघाले. बुलेटिनप्रमाणे दाराच्या यंत्रणेला आधारपट्टी बसवली, तपासली, असे कारखान्यातल्या तपासनिसांचे शिक्के त्यावर होते. दारावर ती पट्टी नव्हतीच. कोणी जाणूनबुजून खोटं केलं असेल, असं मला वाटत नाही. तुझ्यासारखीच थकलेली माणसं असतील, समोर शिक्क्यांसाठी थांबलेले कागद असतील.

मीही एकदा शिफ्ट बदलताना सहकाऱ्याच्या "झालंय रे, बघितलंय" या शब्दावर सही केली होती. घरी येऊन आडवा झालो, झोप येईना. तसाच परत हँगरवर गेलो, पॅनल उघडायला लावलं आणि स्वतः पाहिलं. सगळं ठीक होतं. तुझ्या आईला ते मी आजवर सांगितलेलं नाही.

सहाव्यांदा बघशील तेव्हा मागच्या वेळचे निष्कर्ष आधी वाचू नकोस. ते वाचले की डोळ्यांना 'काही नाही' एवढंच दिसतं. आरसा पुसून घे, टॉर्च तिरकी धर. समोरून उजेड पडला की बारीक तडा लपतो. घाई करायला कोणी मागे उभं असेल, तर त्याला थांबायला सांग.

आईने डिंकाचे लाडू पाठवलेत. रात्रपाळीला डबा नेत जा.

तुझे
बाबा