कॉलनीचं बूथ आणि तुझं मत

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

कारखान्याच्या गट ऑफिसात ऊसनोंदीच्या कामाबरोबर आता निवडणुकीच्या प्रचाराच्या पाळ्याही लावल्यात, सगळ्यांनी मोबाइलवर पक्षाच्या चिन्हाचं स्टेटस ठेवायचं असा निरोप आलाय, हे ऐकून रात्री झोप लागली नाही. तू अजून हंगामी, कायम करायची यादी चेअरमनसाहेबांच्या हातात. तुझी घालमेल समजते मला.

पण ‘कॉलनीत कुणी कुठलं बटण दाबलं ते आम्हाला कळतं’ ही धमकी अर्धीच खरी आहे. कुठल्या बूथवर कुणाला किती मतं पडली, हे निकालानंतर कळतं. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा अनेक केंद्रांच्या एकत्र मिसळून मोजता यायच्या. यंत्रं आली आणि तो आडोसा गेला. 14 यंत्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर वापरावं असं निवडणूक आयोगानं 2008 मध्येच सुचवलं होतं. अजून झालेलं नाही, याची मला फार चीड येते. कारखान्याच्या कॉलनीत आख्खं बूथच एका मालकाच्या पगारावर असतं, त्यांनी काय करायचं?

तरीही एकट्या माणसाचं मत कुणालाच कळत नाही. पुठ्ठ्याच्या आडोशामागे तू एकटाच असतोस. मत कुणाला गेलं ते दाखवणारी चिठ्ठी काचेमागे 7 सेकंद दिसते आणि तुटून पेटीत पडते, हातात येत नाही. मोबाइल आत न्यायला बंदी आहे. फोटो मागितला तर एवढंच सांग.

मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी हा तुझा हक्क आहे. ती न देणाऱ्या मालकाला दंड मात्र 500 रुपयांपर्यंतच! धाक दाखवून मत फिरवणं हा मात्र भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. म्हणून ग्रुपवरचे पाळ्यांचे मेसेज पुसू नकोस. तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढून बाबांच्या फोनवर पाठव. पुढे सूड म्हणून काढलं किंवा लांबच्या गटात टाकलं, तर राज्याच्या 1971 च्या कायद्यानं ती अनुचित कामगार प्रथा ठरते. तक्रार 90 दिवसांत करावी लागते, म्हणून युनियनच्या माणसाशी आत्ताच बोलून ठेव. एकटा जाऊ नकोस, तुझ्यासारखे आणखी दोघे-तिघे बरोबर घे.

स्टेटस ठेवू नकोस. विचारलं तर ‘घरी आवडत नाही’ म्हणून माझं नाव सांग, मी फोनवर बोलेन त्यांच्याशी.

तुझी,
आई